पेलागियाचं झाड, स्त्रातिसचं अंगण

१

ऑक्टोबरच्या त्या आठवड्यात हॉटेलात खोल्या आठ होत्या आणि त्यांतल्या भरलेल्या दोन. मांजरं नऊ होती, त्यांतलं एक आंधळं. समुद्राकडे तोंड करून ठेवलेल्या कापडी खुर्च्या सहा, खाडीत नांगरलेल्या होड्या दोन, आणि दगडी फरशीच्या अंगणात, गोल आळ्यात उभं असलेलं ऑलिव्हचं झाड एक. झाडाला जाड फांद्या सात. चार रुपेरी-हिरव्या होत्या. तीन तपकिरी पडल्या होत्या.

हे सगळं मिर्सिनीनं मोजलं होतं, आणि नेमकं तेच करायला तिला मनाई होती. शहरातल्या पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करता करता तिच्या छातीत धडधड सुरू झाली होती. डॉक्टर म्हणाले होते, "समुद्रकाठी कुठेतरी जाऊन पडून राहा, आणि परत येईपर्यंत कशाचंही मोजमाप करू नका." म्हणून ती या बेटावर, खाडीच्या टोकाच्या हॉटेलात येऊन पडली होती. खाडीचं पाणी इतकं निवांत होतं, की डोंगरावरच्या ऑलिव्हच्या बागा त्यात उलट्या उभ्या राहून झोपल्यासारख्या दिसत. सकाळ कधी संपली आणि दुपार कधी लागली, हे कळायला कुणाला तरी ताट वाजवावं लागे.

त्या सकाळी पेलागिया मावशी गाढवीवर बसून आली. काळा रुमाल, काळा झगा आणि हातात वेताची काठी. खुब्याच्या दुखण्यामुळे उन्हाळा सरल्यापासून ती गावातून खाली उतरलीच नव्हती. फळं तोडण्याआधी झाड एकदा नजरेखालून घालावं, म्हणून आली होती. ती उतरली आणि झाडापाशी गेली. खोडावर हात ठेवून जरा वेळ तशीच उभी राहिली. मग आळ्याच्या दगडावर बसली.

"स्त्रातिस," तिनं हाक मारली.

हॉटेलचा मालक स्त्रातिस हात पुसत बाहेर आला. मोठ्या अंगाचा, पन्नाशीचा, आणि कुणी रागावलं की लहान मुलासारखा पाय बदलत उभा राहणारा.

"या मावशी. कॉफी ठेवायला सांगतो."

"कॉफी राहू दे. माझ्या झाडाला काय पाजलंस ते सांग."

"मी कशाला काय पाजू? उन्हाळा कडक होता या वर्षी."

"उन्हाळा काय एकाच बाजूनं येतो होय रे?"

स्त्रातिसनं पाय बदलला. बेटावरच्या कुणालाही इथलं दुखणं समजावून सांगायची गरज नव्हती. अंगण स्त्रातिसचं होतं आणि झाड पेलागियाचं. तिच्या आईला ते हुंड्यात मिळालं होतं. त्याखालची जमीन पुढे दोनदा विकली गेली, पण झाड कुणी विकलं नाही. झाड उभं आहे तोवर तिला अंगणात यायची वाट मोकळी ठेवायची, फळ तिचं, खोड तिचं. झाड वाळलं की हक्कही वाळला. तिच्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं. घर भाच्याच्या नावावर होतं, आणि तो ते बोलूनही दाखवायचा.

"रविवारी चर्चमधून बाहेर पडले की चौकात सगळ्यांसमोर तुला विचारीन," ती म्हणाली. "तिथे दे उत्तर."

"अहो मावशी, मी आत्ता पाणी घालतो. भरपूर घालतो," असं म्हणून स्त्रातिसनं नळीला हात घातला.

"थांबा," मिर्सिनी खुर्चीतून म्हणाली. दोन दिवसांत तिच्या तोंडून निघालेला हा पहिला शब्द होता. "कुठलं पाणी?"

"विहिरीचं. का?"

"तुमच्या विहिरीत उन्हाळ्याच्या शेवटी समुद्र शिरतो, हे मी चहाच्या पहिल्या घोटाला ओळखलं. आणि झाडाला काय झालंय ते ठाऊक नसताना कुठलंच पाणी घालू नका. कुणी तणनाशक ओतलं असेल, तर पाण्याबरोबर ते चांगल्या मुळांपर्यंत उतरेल. डिझेल ओतलं असेल, तर माती खणून काढावी लागेल. मीठ असेल, तर मात्र गोडं पाणी हवं आणि ते सगळं एकदम हवं."

"गोडं पाणी टाकीतलं. मागच्या पावसाचं," स्त्रातिस म्हणाला. "ते एकदाच घालण्यापुरतं आहे. पुढचा पाऊस येईल तेव्हा येईल."

"म्हणजे एकदाच," मिर्सिनी म्हणाली. "चुकलं तर संपलं."

पेलागियानं काठी तिच्याकडे रोखली. "मग तूच शोध, पोरी. तू इथे कुणाचीच नाहीस."

२

मिर्सिनीनं शोधाला खुर्चीतूनच सुरुवात केली. उठलं की धडधड व्हायची. त्यामुळे माणसं तिच्याकडे येत आणि शेजारच्या खुर्चीवर बसून, समुद्राकडे बघत बोलत. समुद्राकडे बघताना माणूस खोटं जरा हळू बोलतो, असं तिच्या लक्षात आलं.

पहिला आला स्त्रातिस.

"गाव काय म्हणतं ते मला माहीत आहे," तो म्हणाला. "अथेन्सचा तो दूकास हॉटेल विकत घ्यायला बसलाय. मधोमध म्हातारीचं झाड असताना कोण घेणार? झाड गेलं की माझं भलं. असंच ना?"

"असंच."

"मी विकणार आहे की नाही हेच मला अजून कळलेलं नाही. त्याला हो म्हणवत नाही आणि नाही म्हटलं तर बँकवाले हसतात. बाई, मी या झाडाखाली रांगलोय."

"शेडमध्ये तणनाशकाची बाटली आहे. अर्धी रिकामी."

स्त्रातिसचे कान लाल झाले. "ती रस्त्याकडेच्या फाटकासाठी. तिथे काटेरी झुडपं माजतात. झाडाजवळ मी कधी फवारत नाही. उलट गेल्या हिवाळ्यात मी सगळी फरशी उखडून पुन्हा बसवली. मुद्दाम उतार दिला, म्हणजे सकाळी अंगण धुतलं की सगळं पाणी थेट आळ्यात. एक थेंब वाया जात नाही. लेकराला दूध पाजावं तसं रोज सकाळी पाजतो मी त्याला."

"रोज?"

"रोज. दूकास फिरायला बाहेर पडला की मी नळी घेतो. पाहुण्याच्या पायावर पाणी उडवलेलं बरं दिसत नाही."

तो गेल्यावर मिर्सिनी उठली आणि सावकाश झाडापाशी गेली. सुकलेल्या तिन्ही फांद्या तीन नंबरच्या खोलीच्या बाजूच्या होत्या, म्हणजे दूकासच्या खोलीच्या. तिनं एक पान हातात घेतलं. देठाशी अजून हिरवं होतं, शेंड्याकडून जळत आलेलं. आळ्यात, अगदी त्याच बाजूला, घोळीची भाजी टरारून पसरली होती. लाल देठ, जाडसर पानं, तजेलदार.

मग तिची नजर खोडावर गेली. जमिनीपासून हातभर वर एक गोल भोक होतं. स्वच्छ, पेन्सिल जाईल एवढं.

३

"गिरमिटानं पाडलंय," पेलागिया म्हणाली. ती झाडाजवळून हलायला तयार नव्हती. दुपारचं जेवणही तिनं आळ्यावर बसूनच घेतलं. "भोक पाडायचं, आत विष सोडायचं. पूर्वी भावाभावांत व्हायचं असं."

मिर्सिनीनं भोकाखालची माती बोटानं चाळली. लाकडाचा भुसा होता, पण गिरमिटातून निघतो तसा वळलेला नव्हता. बारीक, गोळीबंद दाणे होते.

"अळीनं कोरलंय, मावशी. ही तिची विष्ठा. आणि भोक हिरव्या फांद्यांच्या बाजूला आहे. विष सोडणारा माणूस चुकीची बाजू कशाला निवडेल?"

"अळी तर अळी," पेलागिया जराशी निराश झाली. "पण मारणारी अळी नाही ना?"

"नाही."

संध्याकाळच्या पिवळ्या उन्हात दूकास फिरून परत आला. साठीचा उंच माणूस, पांढरी दाढी, आणि बगलेत आराखड्यांची गुंडाळी. तो आपणहूनच शेजारी बसला.

"माझी पाळी, नाही का?" तो म्हणाला. "बघा, लपवण्यासारखं काही नाही." त्यानं कागद पसरला. अंगणाचा नकाशा होता. झाडाच्या जागी निळा चौकोन.

"पोहण्याचा तलाव," मिर्सिनी म्हणाली.

"पहिल्या आठवड्यात काढलेला. तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं की अंगण एकाचं आणि झाड दुसरीचं. कळल्यावर मी मावशींना भेटायला गेलो, किंमत विचारली. त्यांनी गाढव माझ्या अंगावर घातलं."

"मग अजून इथे का?"

दूकासनं खाडीकडे पाहिलं. पाण्यावर एक होडी आणि तिच्याखाली तिची सावली, दोघी एकमेकींना टेकून डुलत होत्या. "मला झोप लागते इथे," तो म्हणाला. "बायको गेल्यापासून लागत नव्हती. आठवड्यासाठी आलो, आणि रोज सकाळी ठरवतो की उद्या जाऊ. स्वयंपाकघरातल्या बाईंना मी आवडत नाही, तरी राहतो."

"एर्मिओनीला? कशावरून?"

"कॉफी रोज थोडी पातळ होत चाललीये. आणि माझे बूट बघा. मी डोंगराच्या वाटेनं जातो, समुद्राकडे फिरकतही नाही. तरी हे असे."

त्याच्या तपकिरी चामड्याच्या बुटांवर, तळव्याच्या जरा वर, पांढरी वेडीवाकडी रेघ उमटली होती. मिर्सिनीनं बोट ओलं करून त्या रेघेवर फिरवलं. ते बोट ती जिभेला लावणार, तेवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीचं दार आपटलं. पडद्याआड कुणीतरी उभं होतं.

४

एर्मिओनी स्त्रातिसची थोरली बहीण. लग्न केलं नाही, घर सोडलं नाही. आठ खोल्यांचं जेवण तिच्या एकटीच्या हातावर चालायचं. दुसऱ्या दिवशी मिर्सिनी स्वयंपाकघराच्या पायरीवर जाऊन बसली. आत हिरव्या ऑलिव्हची टोपली होती. एर्मिओनी लाकडी ठोकळ्यानं एकेक फळ फोडून पाण्यात टाकत होती.

"बस. पण बोलायचं असेल तर हात चालव," ती म्हणाली आणि दुसरा ठोकळा पुढे सरकवला.

"खारवायला सुरुवात झाली वाटतं?"

"कुठली? आधी पाण्यात कडूपणा जायला हवा. मिठाची पाळी अजून लांब आहे."

मिर्सिनीची नजर कोपऱ्यातल्या जाड्या मिठाच्या गोणीवर गेली. गोणी उघडी होती आणि बरीच खाली बसली होती.

"मासळी खारवलीत का?"

"मासळी ऑगस्टमध्येच झाली. तू पोलीस आहेस का गं?"

"पाणी तपासते."

"मग पाणी तपास. झाडाचं विचारायचं तर त्या तीन नंबरला विचार. महिना उलटला, जायचं नाव नाही. आज नकाशा काढतो, उद्या भावाच्या हातात पेन देईल, परवा मी कुठे? शहरात कुणाच्या घरी भांडी घासू? मी सगळं करून पाहिलं, पण ढिम्म हलत नाही."

"सगळं म्हणजे काय काय?"

एर्मिओनीचा ठोकळा क्षणभर थांबला. "म्हणजे... कॉफी पातळ केली."

दुपारच्या जेवणात घोळीचं कच्चं सॅलड होतं, टोमॅटो आणि तेल घालून. दूकासनं एक घास खाऊन पाण्याचा पेला उचलला.

"मीठ जरा जास्त पडलंय का?"

"मी मीठ घातलेलंच नाही," एर्मिओनी दारातून म्हणाली. "चीजचं असेल."

"आज चीज नाहीये, बाई."

एर्मिओनीनं ताटाकडे पाहिलं आणि आत गेली.

जेवणानंतर मिर्सिनीनं चहाच्या दोन बशा मागून घेतल्या. एकीसाठी झाडाच्या हिरव्या बाजूची माती, दुसरीसाठी सुकलेल्या बाजूची. दोन्ही टाकीच्या पाण्यात कालवून फडक्यातून गाळली आणि नितळ पाणी बशांत ओतून उन्हात ठेवलं. मग खुर्चीत पडली. डोळे मिटत होते. अर्धवट झोपेत तिला पेलागियाची गाढवी, कोकोना, अंगणात फिरताना दिसत होती. कोकोना फरशी चाटत होती. तीन नंबरच्या उंबऱ्यापासून तिनं सुरुवात केली, मग पुढचा दगड, त्याच्या पुढचा, अशी फाटकापर्यंत. झाडाजवळून गेली, पण आळ्याकडे वळली नाही. जणू कुणाच्या तरी पावलांचे ठसे पुसत चालली होती.

मिर्सिनी ताडकन उठून बसली. धडधड झाली, पण तिकडे तिचं लक्ष नव्हतं. तिला आजीचं घर आठवलं होतं. न आवडलेला पाहुणा, त्याच्यामागे बंद होणारं दार, आणि आजीची मूठ.

५

दुसऱ्या दिवशी बशांतलं पाणी आटल्यावर, ऊन कलायच्या आधी तिनं सगळ्यांना झाडाखाली बोलावलं. पेलागिया तिथे होतीच. स्त्रातिस उभा होता. दूकासनं स्वतःची खुर्ची आणली. एर्मिओनी ओले हात घेऊन सगळ्यांत मागे, भिंतीला टेकून.

"तणनाशक नाही," मिर्सिनी म्हणाली. "ते असतं तर आधी घोळ मेली असती. ती तर सुकलेल्या बाजूलाच माजलीये. डिझेल असतं तर वास आला असता, आणि तेव्हाही घोळ वाचली नसती. पानं शेंड्याकडून जळालीत. आणि घोळ खारट लागते. मी आळ्यातलं पान तोडून चावून पाहिलं."

तिनं बशा पुढे केल्या. एकीत मातकट कडं होतं. दुसरीत पांढरी, खरखरीत साय धरली होती.

"मीठ," पेलागिया म्हणाली. "समुद्राचं पाणी आणून ओतलं तर. बादल्याच्या बादल्या."

"मलाही आधी तसंच वाटलं. पण बादली ओतणारा आळ्यात ओतेल. मग कोकोना उंबरा का चाटते? दूकाससाहेबांच्या बुटांवर मीठ का? मीठ आळ्यात कुणी टाकलेलंच नाही, मावशी. ते दारापासून फाटकापर्यंत पडतं, जिथे जिथे यांचं पाऊल पडतं तिथे. स्त्रातिस रोज अंगण धुतात आणि स्वतः दिलेल्या उतारावरून ते सगळं झाडाला पाजतात. शिवाय धुतात विहिरीच्या पाण्यानं."

स्त्रातिसनं आधी नळीकडे आणि मग स्वतःच्या हातांकडे पाहिलं.

"पण अंगणात मीठ टाकेल कोण?" दूकासनं विचारलं. "आणि कशासाठी?"

बाकी कुणी हा प्रश्न विचारला नाही. पेलागियाची मान सावकाश भिंतीकडे वळली.

"तुम्ही अथेन्सचे," मिर्सिनी म्हणाली. "तुमच्या आजीनं कधी केलं नसेल. नकोसा पाहुणा बाहेर पडला की त्याच्या पावलांवर मीठ टाकतात. म्हणजे तो परत येत नाही."

"मी रोज परत येत होतो," दूकास म्हणाला.

"म्हणून तर," एर्मिओनी भिंतीपासून म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "पहिल्यांदा चिमूट टाकली. हलला नाही. मग मूठ. मग वाटलं हा अथेन्सचा आहे, याला जास्त लागत असेल. मग वाडगं भरून टाकायला लागले. काल मीठ नसलेलं सॅलड खारट निघालं, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मावशी, झाडासाठीच केलं हो. तो गेला असता तर झाडही राहिलं असतं आणि मीही."

आंधळं मांजर येऊन बशी हुंगून गेलं. खाली खाडीचं पाणी काठाशी ओठ मिटल्यासारखा आवाज करत होतं.

पेलागिया काठी टेकून उठली आणि एर्मिओनीसमोर जाऊन उभी राहिली.

"आईनं तुला काही म्हणून शिकवलं नाही," ती म्हणाली. "मीठ फरशीवर टाकतात होय? झाडू दारामागे उलटा उभा करायचा आणि मीठ झाडूवर टाकायचं. पाहुणाही जातो आणि घरही घाण होत नाही."

एर्मिओनी रडायला लागली. मग हसायलाही लागली, आणि पेलागियानं तिच्या पाठीत एक चापट मारली. अगदीच हलकी नव्हती ती.

"म्हणजे," दूकास उभा राहत म्हणाला, "मी आता निघावं हे बरं."

"आता कशाला?" एर्मिओनी नाक पुसत म्हणाली. "महिनाभर फुकट मीठ खाल्लंत. बादली उचला."

६

मीठ आहे हे कळल्यावर काय करायचं हेही कळलं. स्त्रातिसनं सुकलेल्या बाजूची वरची माती खरवडून काढली आणि दोन दगड उचलून उतार नाल्याकडे वळवला. मग टाकीचं झाकण उघडलं. अंधाऱ्या टाकीत मागच्या हिवाळ्याचा पाऊस थंडगार पडून होता. तिघांनी साखळी धरली. दूकास पाणी काढायचा, एर्मिओनी पुढे द्यायची, स्त्रातिस आळ्यात ओतायचा. पेलागिया दगडावर बसून "हळू, हळू, घाई काय आहे" म्हणत राहिली. मिर्सिनीला बादली उचलायची मनाई होती. म्हणून ती आळ्यातून झिरपून आलेलं पाणी पेल्यात धरून चाखत राहिली. सुरुवातीला तोंड वेडंवाकडं व्हायचं. डोंगरामागे सूर्य गेला, खाडी आधी गुलाबी झाली आणि मग राखाडी, तेव्हा पेल्यातलं पाणी नुसतं मातीसारखं लागलं. टाकीचा तळ दिसत होता.

"झालं," ती म्हणाली. "आता त्याचं तो बघेल."

दूकास त्यानंतर तीन दिवस राहिला. जाताना त्यानं आराखड्यांची गुंडाळी स्वयंपाकघरात चुलीशेजारी ठेवली. कशासाठी, ते बोलला नाही. एर्मिओनीनं त्याला उंबऱ्यापर्यंत सोडलं. हातात काही नाही हे दाखवायला तिनं दोन्ही तळहात पुढे केले. पहिला पाऊस नोव्हेंबरात आला, तेव्हा सगळे पेले घेऊन बाहेर उभे राहिले. पेलागियानं त्या वर्षी हिरव्या बाजूची फळं तोडली. सुकलेल्या फांद्या कापू का, असं स्त्रातिसनं विचारलं, तेव्हा तिनं काठी उगारली.

ईस्टरच्या सुट्टीत मिर्सिनी पुन्हा आली. धडधड थांबली होती आणि डॉक्टरांनी मनाई उठवली होती. पेलागिया आळ्यावर बसली होती, दोन्ही हात काठीवर ठेवून, डोळे मिटून. मिर्सिनी आल्याचं कळलं तरी तिनं डोळे उघडले नाहीत.

"मी बघितलेलं नाही," ती म्हणाली. "तू बघ आणि सांग. नसेल तर नाही म्हण."

मिर्सिनीनं पिशवीतून मोजपट्टी काढली आणि तिन्ही तपकिरी फांद्यांना एकामागून एक, खोडापासून शेंड्यापर्यंत, बोटांनी चाचपलं. दोन फांद्यांवर काही नव्हतं.

तिसरीवर, खोडापासून वीतभर अंतरावर, पाच फुटवे होते. सर्वांत लांब चार सेंटिमीटर तीन मिलिमीटर.